घोट्याच्या वर

डाव्या हातात बूट आणि उजव्या हातात शू धरून मी खिरवाडीच्या मारुतीच्या ओट्यावर उभी होते. समोर पस्तीस माणसं सॅकला टेकून बसली होती. सकाळचे साडेसहा वाजले असतील. कुणी जांभया देत होतं, कुणी बिस्किटं खात होतं.

"हा ट्रेकिंगचा बूट," मी म्हटलं. "घोट्याच्या वर येतो, घोटा आवळून धरतो. एकेकाचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास. आणि हा ट्रेल रनिंगचा. अडीचशे ग्रॅम. घातला की पायात काही आहे असं वाटतच नाही."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मग हलकाच बरा ना? भिजला तर लवकर वाळतो, दमायलाही कमी होतं. नेटवर तर सगळे तेच सांगतात."

हा प्रश्न दर वेळी कुणी ना कुणी विचारायचंच. आमचा ट्रेकिंग ग्रुप चालवणाऱ्या पोटे सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. मी सांगायला सुरुवात केली.

"चार वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटायचं. माझ्या भावाच्या वाढदिवसाला मी त्याला हेच शूज दिले. सर त्याला बूट घे म्हणत होते. मी म्हटलं, सर जुन्या वळणाचे आहेत, तू हे घाल. तेच घालून तो या भोरकड्यावर आला, त्याचा पाय मुरगळला आणि तो खाली गेला. बावीस वर्षांचा होता. पोलीस भरतीची तयारी करत होता. आज त्याच्या पायात रॉड आहे. मी केली ती चूक तुम्ही करू नका."

हात वर केलेली मुलगी स्वतःच्या शूजकडे बघायला लागली. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना म्हणाले, "असं चारचौघांत सांगायला फार हिंमत लागते. रेवती दर बॅचला हे सांगते. म्हणून आपल्या ग्रुपचा नियम आहे, बूट नाही तर ट्रेक नाही."

ती माझी बारावी वेळ होती. सुरुवातीला 'तो खाली गेला' म्हणताना माझा आवाज फुटायचा. मग फुटेनासा झाला. कुठे थांबायचं, कुठे खाली बघायचं, हेही मला पाठ झालं होतं.

मी तेव्हा नाशिकला खेळाच्या सामानाच्या एका दुकानात काम करायचे. बुटांचा विभाग माझ्याकडे होता. माणूस चालत आला की त्याची टाच कुठे झिजते, पंजा किती रुंद आहे, हे मला बघूनच कळायचं. प्रणितला मी ते शूज दिले ते नीट विचार करूनच दिले होते. त्याचा पाय रुंद होता, तळ सपाट होता, आणि जड बुटात तो ठेचकाळायचा. पण त्या अपघातानंतर माझा स्वतःच्या नजरेवरचा विश्वासच उडाला. दुकानात कुणीही डोंगरात जायचं म्हटलं की मी डोळे मिटून जड बूट काढून द्यायचे. पाय रुंद असो, अरुंद असो, माणूस साठीचा असो. पायाला फोड आले म्हणून कुणी बूट परत घेऊन आलं तर मी त्यांच्यावरच चिडायचे. "फोड बरे होतात," असं म्हणायचे.

भोरकड्यावर मात्र मी त्याआधी कधी गेले नव्हते. माझं ते सांगणं बहुतेक वेळा नाशिकच्या हॉलमध्येच व्हायचं. सर म्हणायचे, "मन घट्ट झालं की मीच नेईन तुला." त्या वर्षी मीच हट्ट धरला. मला ती जागा बघायची होती. सर शेवटी म्हणाले, "ये."

वर जाताना अर्ध्या वाटेवर त्यांनी मला बाजूला घेतलं. डोंगराच्या कुशीतून जाणारी आडवी वाट होती. बैलगाडीएवढी नाही, पण दोन माणसं शेजारून चालतील एवढी रुंद. खाली गवताचा उतार, त्याच्या खाली कारवीचं रान.

"इथे," सर म्हणाले.

मी वाकून बघितलं. "इथून तो खाली गेला?"

"पाय वळला की माणूस कुठेही जातो, रेवती. म्हणून तर आपण एवढं सांगतो." त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. "चल. फार वेळ नको थांबूस."

मला तिथे रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मी पुढे चालत राहिले.

उतरताना माझे हाल झाले. बूट नवे होते, ग्रुपच्या नियमाप्रमाणे घेतलेले. दोन्ही टाचांना फोड येऊन फुटले होते. गाव समोर दिसत होतं, वाट मळलेली होती, म्हणून मी बाकीच्यांना पुढे जायला सांगितलं. खिंडीच्या खाली एक झोपडी होती. दारात पन्नाशीचा एक माणूस दोर वळत बसला होता. मी पाणी मागितलं. त्याने तांब्या दिला आणि माझ्या पायांकडे बघितलं.

"काढा ती," तो म्हणाला. "पायाला हवा लागू द्या. पोटे सरांची मानसं का?"

"हो. तुम्ही ओळखता सरांना?"

"आधी मीच वाट दावायचो त्यांना. चिंधू मधे म्हनत्यात मला. आता चार वरीस झालं, सर पल्याडच्या वाडीचा मानूस घेत्यात." तो दोर वळत राहिला. "एका पोराचं लई वाईट झालं हितं. तवापासून."

"तो माझा भाऊ."

त्याचे हात थांबले. "प्रणित?"

चार वर्षांनी त्याला नाव आठवत होतं. मी मान हलवली.

"बरा हाय का तो? चालतोय का?"

"चालतो. लंगडतो."

"लई गुनी पोरगं. पाठीवर घिऊन आलो मी त्याला. एवढा पाय मोडलेला, पन रडला नाय. मलाच म्हनायचा, दादा, तुम्ही दमला असाल, जरा टेका."

"त्या आडव्या वाटेवरून आणलंत?"

"आडव्या वाटंवरून कशाला? नाळीतून."

"पण पडला तर तो आडव्या वाटेवर."

चिंधूदादांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ऊन लागलं असावं. "आडव्या वाटंवर काय व्हनार, ताई? तिथं आमच्या म्हशी चरत्यात."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. वर मला जे खटकत होतं ते हेच होतं. तिथून पडलेला माणूस चार हात घसरून गवतात बसला असता.

त्यांनी उठून हात केला. डोंगराच्या पोटात वरपासून खालपर्यंत एक काळी चीर गेली होती. "ती केळीची नाळ. पावसाळ्यात पानी तिच्यातूनच येतं. त्या दिशी चार वाजून गेलं व्हतं. सर म्हनले, नाळीतून उतरू, तासभर वाचंल. मी म्हनलं, सर, नाळ वली हाय, दगूड सुटतील, पोरं नका घालू. ते म्हनले, चिंधू, मला शिकवू नको. मंग उतरलो. मी पुढं, माज्या मागं प्रणित, मंग बाकीची. सगळ्यात वर सर."

"आणि?"

"वरनं दगूड सुटला. ह्येवढा." त्यांनी दोन्ही हातांनी घमेल्याएवढा आकार दाखवला. "सर वरडले, दगूड, दगूड. पन नाळीत बाजूला व्हायला जागा कुठं? मधली पोरं भिताडाला चिकटली. प्रणितच्या पायावर बसला."

"कुणाच्या पायाखालून सुटला?"

ते दोराकडे बघायला लागले. "सगळ्यात वर सरच व्हते, ताई."

"पायावर नेमका कुठे?"

त्यांनी तळहाताची कड स्वतःच्या नडगीच्या मधोमध ठेवली. "हितं."

मी फोडांवर मोजे चढवायचे सोडून तशीच बसून राहिले. ती जखम मी रोज बघत होते. पहिले सहा महिने तर मीच तिचं ड्रेसिंग करत होते. घोट्याच्या वर चांगली वीतभर. माझ्या शेजारी काढून ठेवलेला बूट घोट्याच्या वर दोन बोटं येत होता. जगातला कुठलाही ट्रेकिंगचा बूट तिथवर येत नाही. हे मला कळत नव्हतं? बुटांवर माझं पोट चाललं होतं! लोकांच्या टाचा बघून मी सांगायचे, तुमचा डावा गुडघा दुखतो का. आणि सख्ख्या भावाची नडगी धुताना मला एकदाही प्रश्न पडला नाही, की पाय मुरगळला तर हाड इथे कसं मोडेल?

मी बूट पुन्हा घातले. फोडांची जाणीवच उरली नाही. गावापर्यंतची ती अर्ध्या तासाची वाट मी कशी उतरले, मला आठवत नाही.

मारुतीसमोर सगळे घोळका करून उभे होते. बसमध्ये सॅक चढत होत्या. सर एका मुलाला पाठीत थोपटून शाबासकी देत होते.

"सर, केळीची नाळ कुठे आहे?"

मी मोठ्यानेच विचारलं. त्यांचा हात मुलाच्या पाठीवरच राहिला.

"रेवती, आत्ता नको."

"आत्ताच. सकाळी यांच्याचसमोर मला उभं केलं होतंत ना? मग आताही यांच्याचसमोर सांगा. माझा भाऊ कुठे पडला? आडव्या वाटेवर की नाळेत? तो पडला की त्याच्यावर दगड पडला?"

"तू दमली आहेस. पाणी पी आधी."

"पाणी पिऊन आलेय. चिंधू मध्यांकडे."

ते नाव ऐकल्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि मला देवळाच्या मागे नेलं. पंचावन्न वर्षांचा, काटक माणूस. शाळेत पीटी शिकवायचे. प्रणितला सातवीपासून त्यांनीच पळायला शिकवलं होतं. अपघातानंतर वर्षभर दर रविवारी ते फळं घेऊन घरी यायचे. आई त्यांना देवमाणूस म्हणायची.

"माझा निर्णय चुकला," ते म्हणाले. "ढग आले होते. अंधाराच्या आत सगळ्यांना खाली आणायचं होतं. मला वाटलं, उतरू."

"आणि दगड?"

"दगड कुणाच्याही पायाखालून सुटतो. डोंगर आहे."

"कुणाच्या सुटला?"

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं.

"मग शूजचं काय? शूज कुठून आले यात?"

"तूच आणलेस," ते म्हणाले. शांतपणे म्हणाले, आणि म्हणून मला जास्त लागलं. "हॉस्पिटलमध्ये तू माझ्या गळ्यात पडून रडत होतीस. माझ्यामुळे झालं, मी शूज दिले, असं म्हणत होतीस. मी काही रचलं नाही, रेवती. मी फक्त नाही म्हटलं नाही."

"आणि चार वर्षं मला स्टेजवर उभं केलंत!"

"त्यातून वाईट काय झालं? चार वर्षांत आपल्या ग्रुपमध्ये एकाचाही घोटा दुखावला नाही. तुझ्या बोलण्याने माणसं सावध झाली."

मी हात उगारला होता. शपथेवर सांगते, मी त्यांना मारणार होते. वडिलांच्या वयाच्या माणसाला, देवळाच्या भिंतीपाशी. त्यांनीही ते बघितलं आणि ते मागे सरकले नाहीत.

"माझ्यावर चिडतेस, चीड," ते म्हणाले. "पण घरी जाऊन प्रणितला विचार. त्याला सगळं माहीत आहे. पहिल्या दिवसापासून."

माझा हात आपोआप खाली आला.

मी त्यांच्या बसमध्ये बसले नाही. काळी-पिवळी जीप पकडून घोटीपर्यंत आले, तिथून एसटीने नाशिकला. सगळ्या रस्त्यात मी एकच गोष्ट स्वतःला सांगत होते, की सर खोटं बोलतायत. प्रणितच्या डोक्यालाही मार लागला असेल. त्याला आठवत नसेल. तो असं करणार नाही.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. आई शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. प्रणित पाय स्टुलावर ठेवून क्रिकेटची मॅच बघत होता. तो तेव्हा एका सेतू केंद्रात कॉम्प्युटरवर बसायचा, दाखले काढून द्यायचा.

"आलीस? कसा झाला ट्रेक?" त्याने टीव्हीवरून नजर न काढता विचारलं.

मी टीव्ही बंद केला. "केळीच्या नाळेत काय झालं होतं?"

त्याने लगेच पाय खाली घेतला. काही विचारलं नाही. 'कुठली नाळ' असं विचारलं असतं तरी मी त्याच्यावर विश्वास ठेवला असता. इतकी मी तयार होते.

"कुणी सांगितलं?" तो म्हणाला.

"म्हणजे खरं आहे."

"ताई, बस आधी."

"नाही बसत. बोल."

"सर हॉस्पिटलमध्ये आले होते. दुसऱ्या दिवशी. तू औषधं आणायला गेली होतीस." तो जमिनीकडे बघत होता. "त्यांनी माझे हात धरले. म्हणाले, नाळेतून उतरवलं हे कळलं तर शाळेतली नोकरी जाईल, ग्रुप बंद होईल. दोन मुली आहेत माझ्या. लोकांना सांग, वाटेवर घसरलास; बाकीच्या मुलांनाही मी तेच सांगितलंय. मी हो म्हटलं. त्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं गं."

"मला रडताना बघितलं होतंस?"

त्याने स्टूल बाजूला सरकवलं.

"प्रणित, मला रडताना बघितलं होतंस का?"

"हो."

"तू या खोलीत झोपलेला असायचास आणि मी तुझा पाय धुताना सॉरी म्हणायचे. किती वेळा म्हटलं असेन?"

"मी कधी तुला शूजबद्दल बोललो का? एकदा तरी दोष दिला?"

"नाही दिलास! तेच तर! मला वाटायचं, माझा भाऊ किती मोठ्या मनाचा आहे. मी त्याचं आयुष्य मोडलं आणि हा चकार शब्द काढत नाही. मी आईला सांगायचे हे. देवासमोर बसून सांगायचे."

"मला वाटलं, थोडे दिवस म्हणशील आणि विसरशील."

"बारा वेळा, प्रणित. बारा वेळा मी लोकांसमोर उभी राहिले. तुला माहीत होतं?"

"पहिल्यांदा कळलं तेव्हाच सांगणार होतो." त्याचा आवाज बारीक झाला. "पण तोपर्यंत उशीर झाला होता. मग प्रत्येक वेळी आणखी उशीर होत गेला."

मी त्याच्या मांडीवर त्याचा मोबाइल टाकला. "लाव त्यांना. स्पीकरवर ठेव."

त्याने नंबर लावला. रिंग बराच वेळ वाजली. सरांनी उचलला तेव्हा मागून बसमधली गाणी ऐकू येत होती; वाटेत कुठेतरी चहाला थांबले असावेत.

"बोल, बेटा."

"सर, ताईला कळलंय."

"हं." मग, "आणि तुझा पाय कसा आहे?"

ते दर फोनला विचारायचे, हे मला माहीत होतं. प्रणित दर वेळी 'छान आहे सर' म्हणायचा. त्या दिवशी त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तुमच्या दगडाने मोडला तसाच आहे."

पलीकडे गाणं चालू राहिलं. मग फोन कट झाला.

प्रणितचे कान लाल झाले होते. धाप लागल्यासारखा तो श्वास घेत होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी ओळखत होते. शाळेत असताना शर्यत जिंकून आला की तो असाच बघायचा, शाबासकीची वाट बघत. आणि माझा सगळा राग, देवळामागे अर्धवट राहिलेला, त्याच्यावर येऊन थांबला. परक्या माणसाने स्वतःला वाचवायला मला वापरलं, हे मी समजू शकत होते. याला तर कुणापासून वाचायचंही नव्हतं.

"ताई, बोल ना काहीतरी."

"चार वर्षं मीच बोलतेय," मी म्हटलं. "आता तू बोल."

मी दार आपटून बाहेर गेले.

तो बोलला. त्याला अकरा दिवस लागले. आधी आईला सांगितलं. आईने दोन दिवस त्याला हाताने वाढलं नाही, भांडी त्याच्यापुढे सरकवली. मग त्याने ग्रुपच्या व्हॉट्सअॅपवर सगळं लिहून टाकलं. तारीख, वेळ, नाळ, चिंधूदादांचं सांगणं, दगड, शूज. पाच मिनिटांत त्याला ग्रुपमधून काढून टाकलं, पण तोवर सत्तावीस जणांनी ते वाचलं होतं. त्यातले नऊ जण सोडून गेले. बाकीचे राहिले. सर अजून ट्रेक नेतात, आता नाळेतून कुणाला उतरवत नाहीत असं ऐकते. त्यांच्याबद्दलचा माझा राग कधी कमी झाला ते मला कळलंही नाही.

प्रणितशी मात्र मी आठ महिने बोलले नाही. एकाच घरात, तीन खोल्यांत. तो आईला विचारायचा, ताई जेवली का. मी आईला सांगायचे, त्याला सांग, जेवली. शेवटी एक दिवस स्वयंपाकघरात तो माझ्या वाटेत उभा राहिला आणि म्हणाला, "मी घाबरलो होतो. सरांना नाही. तुला. तुला खरं कळलं असतं तर तू मला पुन्हा पळायला लावलं असतंस. भरतीला पुन्हा उभं केलं असतंस. आणि माझ्यात ते उरलं नव्हतं. तू स्वतःला दोष देत होतीस तोवर मला कुणी काही करायला सांगत नव्हतं."

आजवर त्याने मला सांगितलेलं हे सगळ्यात खरं वाक्य. तेव्हा मात्र मी काय केलं? हातातलं लाटणं ओट्यावर आपटलं आणि म्हटलं, "बाजूला हो. पोळी करपतेय."

तो बाजूला झाला. मी पोळी उलटली आणि तिथूनच, त्याच्याकडे न बघता, विचारलं, "किती खाणार?"